जाळी योजनेत येत नाही

२१ एप्रिल १९८५

आज पुन्हा! बाकी सगळ्या घरात गारवा, खाली अनंतच्या दवाखान्यात तर पेशंट कुडकुडतात म्हणे, आणि नेमकी ह्यांच्याच खोलीत भट्टी. योगायोग म्हणे. शाळेत माझ्या कपाटातले खडूही योगायोगानेच संपायचे.

थंड हवेच्या मशीनच्या कंपनीचा मेकॅनिक आला. रुपराव नाव. बारीक मिशी, नजर सारखी जमिनीकडे. अशा माणसावर माझा विश्वास बसत नाही. गच्चीवर जाऊन प्लँट पाहिला, खाली आला, पलंगाशेजारच्या भिंतीत हवेची जाळी आहे तिच्यापाशी गेला आणि बाजूची दांडी खटकन वर केली. हवा सुरू.

"काहीच बिघाड नाही जी, बाई. जाळी बंद होती. कोणं केली?"

कोणं केली! म्हणजे मीच केली असं म्हणायचं होतं त्याला. मी म्हटलं, मला तर आजपर्यंत त्या दांडीला दांडी म्हणतात हेही माहीत नव्हतं. खोलीत मी आणि हे. मी दुपारी खाली चटईवर जरा डोळा लावला होता. आणि ह्यांचा उजवा हात नोव्हेंबरातल्या लकव्याच्या ॲटॅकपासून गेलेला. पलंगाची उजवी बाजू भिंतीला. कूस वळता येत नाही, त्यामुळे डावा हात तिथपर्यंत पोचत नाही. मग काय भुतानं केली?

"मग ढिली असंल. मशीनच्या थरथरीनं पडत असंल आपोआप," म्हणाला. घटकेत 'कोणं केली', घटकेत 'आपोआप'!


२३ एप्रिल

अनंतला विचारलं, ही योजना म्हणजे आहे तरी काय. डोळ्यांचा डॉक्टर झाला, पण आईला नीट समजावून सांगायचं म्हटलं की ह्याचं घड्याळाकडे लक्ष. 'गृहसेवा योजना' म्हणे. वर्षाचं एकदा भरलं की मोटर, गॅस, पंखा, कॉम्प्रेसर, काहीही बिघडो, कंपनी फुकट दुरुस्त करणार. "आई, सगळं कव्हर आहे. तू काळजीच करू नको."

मी काळजी करायची नाही तर कोणी करायची? ॲटॅकनंतर मोठ्या डॉक्टरांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं होतं की ह्यांना ऊन, उकाडा अजिबात चालायचा नाही. डोक्यात गरमी गेली तर दुसरा ॲटॅक, आणि दुसरा आला तर — पुढचं ते बोलले नाहीत. म्हणून तर अनंतनं दवाखान्याबरोबर वरच्या घरालाही ही हवा खेळवली. नाहीतर आमचा वाळ्याचा कूलर काय वाईट होता! खिडकी तरी उघडी असायची. आता सगळं घर डब्यासारखं बंद.

दुपारी मीच कंपनीला फोन लावला. म्हटलं, दांडी ढिली असेल तर जाळीच नवी बसवा. पलीकडचा म्हणतो कसा, "मॅडम, मशीन योजनेत येते, जाळी योजनेत येत नाही. जाळी म्हणजे सजावट."

सजावट! अहो, हवा कुठून येते मग? त्या सजावटीतूनच ना? फोन ठेवला त्यानं. मेला!


२६ एप्रिल

तीन दिवस ठीक आहे. म्हणूनच जास्त शंका येते.


२८ एप्रिल

रुपराव न बोलावता आला. "इकडं जवळच काम होतं, म्हटलं बाईची दांडी पाहून घेऊ." पान्यानं दांडी कसली. चहा घेतला नाही. सही मागितली नाही.

जे योजनेत येत नाही ते हा फुकट काहून करून राहिला? ह्या शहरात कोणी कोणाला पत्ता सांगताना देखील आधी वरून खालपर्यंत पाहतो. मला वाटतं दांडी ढिली करणारा हाच आहे. ढिली करायची, मग यायचं, घरात कोण कुठे झोपतं, कपाट कुठे आहे, पाहून जायचं. मी समोर उभी राहून आणखी कसून घेतली. "अजून," म्हटलं. "अजून!" घाम आला त्याला त्या गारव्यात.

माझे गुडघे आज फार धरले आहेत. ह्या हवेत बसून बसून हाडात थंडी शिरते. एप्रिलात नागपूरची बाई अनंतचा जुना स्वेटर आणि पायमोजे घालून बसते, कोणी पाहिलं तर वेड्यात काढेल. प्रेमिला म्हणाली, "आई, तुम्ही मधल्या खोलीत बसत जा." सूनबाई फार काळजी करते हल्ली. मी ह्यांच्यापासून हलावं असं तिला का वाटतं? मी म्हटलं, मला काही होत नाही. ह्यांच्यासमोर तर गुडघ्याला हातही लावत नाही मी. असो. हे लिहायचंही कारण नाही.


१ मे

बंद होती. इतकी कसलेली दांडी! मी स्वतः वर करायला गेले तर दोन्ही हात लागले. म्हणजे आपोआप पडण्याचा प्रश्नच नाही. कोणीतरी मुद्दाम पाडतंय.

ह्यांना विचारलं, कोण आलं होतं? हे नुसते पाहतात. तोंडातून 'पाणी', 'हो', 'नाही' आणि 'ए' एवढंच निघतं, तेही ओढून ओढून. काठीनं पलंगाची लाकडी कड वाजवून मला हाक मारतात, डाव्या हातानं. "कोणी आलं होतं का हो?" "नाही." मग डोळे मिटून घेतले. घाबरले असतील. कोणी धमकावलं तर नसेल ना?


४ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी वंदना झाली. खीर केली. ह्यांना चमच्यानं भरवली, अर्धी गळ्यावर. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी हाच माणूस मला त्या गर्दीतून खांद्यानं वाट काढत पुढे नेत होता. आता चमचा धरता येत नाही. मालिशवाला शालिकराम रोज सकाळी त्या उजव्या हातात चेंडू ठेवतो. "दाबा बाबाजी, दाबा ना जी!" चेंडू घरंगळत पलंगाखाली. आज शालिकरामनंही मान हलवली. अनंत म्हणतो, इतक्या महिन्यांत आलं नाही म्हणजे आता आशा धरू नको आई. आपल्याच बापाबद्दल असं सरळ कसं बोलता येतं डॉक्टरांना, कोण जाणे.

दुपारी पुन्हा बंद! पाहुणे गेल्यावर मी लवंडले, आणि तेवढ्यात. आता मला नक्की कळलं. मी जागी असते तेव्हा काही होत नाही. माझा डोळा लागला की चोर येतो. म्हणजे कोणीतरी माझ्यावर नजर ठेवून आहे. बाहेरचा रुपराव एकटा हे करू शकत नाही. आतलं माणूस सामील आहे.


७ मे

काजळ! दुपारी दांडीला सगळीकडून काजळ फासलं. तेलात खलून, चांगलं दाट. शाळेत फळ्यावर घाणेरडं लिहिणाऱ्या पोराला मी असंच धरलं होतं. आता पाहू.


८ मे

सकाळी उठले तर दांडी बंद. काजळ पुसटलेलं. म्हणजे हात लागला!

लगेच सगळ्यांची बोटं पाहिली. स्वयंपाकाच्या पार्वतीबाईंना म्हटलं, हात दाखवा. "काहून वं माय? मी का तुमची साखर चोरली?" फणकाऱ्यानं दोन्ही हात नाकासमोर धरले. पीठच पीठ. शालिकरामचे हात तेलकट, पण काळं नाही. प्रेमिलाला म्हटलं, बघू तुझी बांगडी, आणि बोटं पाहून घेतली. साबणाचा वास. फारच स्वच्छ! इतके स्वच्छ हात कोणाचे असतात सकाळच्या धबडग्यात? अनंत तर दिवसातून शंभरदा हात धुतो, त्याचं काय पाहणार.

ह्यांचे हात मीच पुसते, ते सोडून दिले.

प्रेमिलाला कळलं मी काय केलं ते. तिचं न बोलणं मला माहीत आहे.


११ मे

आज लिहवत नाही, पण लिहिते.

मी झोपले. अशी झोपले की कित्येक दिवसांत अशी झोप नव्हती. अंग मोकळं, गुडघ्यांना ठणका नाही. जाग आली ती घामानं. खोली तापलेली, आणि हे — चेहरा लाल, ओठ सुकलेले, श्वास मोठमोठ्यानं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं अंग! मी ओरडले. अनंत धावत वर आला. प्रेमिलानं बर्फ आणला, ओल्या चादरी गुंडाळल्या. ताप उतरायला संध्याकाळ झाली.

दांडी खाली होती. अर्थातच.

मी सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, ह्या घरात कोणीतरी त्यांच्या जिवावर उठलंय. प्रेमिला म्हणाली, "आई, कोणीतरी म्हणजे कोण? नाव घ्या ना." मी नाव घेतलं नाही. पण तिच्याकडे पाहिलं. ती रडत खाली निघून गेली. अनंत म्हणाला, "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" बापाचं अंग जळत होतं आणि ह्याला माझ्या डोक्याची पडली!

हे माझा हात धरून होते, डाव्या हातानं. सोडतच नव्हते. "ए... ए..." एवढंच.


१३ मे

कंपनीत जाऊन आले. उन्हात, रिक्षानं. रुपरावची तक्रार केली. लेखी. म्हटलं, हा माणूस मुद्दाम दांडी बिघडवतो, न बोलावता घरात येतो, परवा जिवावर बेतलं होतं. आतल्या साहेबानं दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की ना?" नक्की, म्हटलं.

बरं वाटलं. कुठेतरी, कोणाला तरी धरलं.


१५ मे

रुपराव आला होता. पायऱ्यांवरच उभा राहिला, आत आला नाही. त्याला कामावरून काढलं.

"बाई, मले एकच सांगा. तुमची जाळी बिघडवून मले काय भेटनार होतं? ते तर योजनेतच येत नाही जी."

मी म्हटलं, तेच तर मी विचारते, मग फुकट काहून यायचा तू?

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "माह्या बापालेही असाच झटका आला होता. मागच्या उन्हाळ्यात गेला. टिनाचं घर आमचं. तुमच्या बाबाजीले पाहिलं का त्याची याद ये. म्हून येत होतो."

आणि गेला. बाप गेला म्हणून खोटं कोणी बोलत नाही असं थोडंच आहे! असं मी मनाशी म्हटलं. दिवसभर म्हणत राहिले.


१६ मे

नवा मेकॅनिक आला. पक्कड लावून दांडी अशी आवळली की आता हत्तीही हलवू शकणार नाही, म्हणाला. मी समोर उभी होते. मला एका हातानं हलली नाही. दोन्ही हातांनीही नाही. शाबास.


१७ मे

ठीक.


१८ मे

बंद.


१९ मे

रुपराव नव्हता. आता हे मला कळलंय आणि मी ते लिहून ठेवते, कारण बोलून दाखवायचं धैर्य नाही. गरिबाची भाकरी गेली माझ्यामुळे.

आणि तो नाही तर मग घरातलंच. पार्वतीबाई दुपारी नसतात. शालिकराम सकाळी येऊन जातो. उरलं कोण?

कंपनीचा साहेब येऊन गेला. बिघाड मशीनचा नाही, वापरणाऱ्यांचा आहे, अशा तक्रारी योजनेत बसत नाहीत. पुन्हा अशी तक्रार आली तर योजनाच रद्द. आणि नवतपा तोंडावर आलाय! त्या नऊ दिवसांत प्लँट बसला तर कोणी फिरकणार नाही. अनंत खाली मान घालून ऐकत होता. साहेब गेल्यावर मला म्हणाला, "आई, असं चालणार नाही. बाबांना उन्हाळाभर माझ्या मित्राच्या नर्सिंग होममध्ये ठेवू. तिथे नर्स आहे, थंड खोली आहे. तुला संध्याकाळी भेटता येईल."

संध्याकाळी भेटता येईल! पाहुण्यासारखं?

म्हणजे हा बेत होता तर. आधी आमच्या खोलीची हवा तोडायची, मग ह्यांना न्यायचं. मागे प्रेमिला उभी होती. तिनं मान खाली घातली. सगळं जुळतंय. मी म्हटलं, माझ्या मढ्यावरून न्या त्यांना. अनंत चिडला. "आठ दिवस देतो. पुन्हा खोली तापली तर मी ऐकणार नाही."

हे ऐकत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पुसलं. म्हटलं, तुम्ही घाबरू नका, मी आहे.


२० मे

रात्रंदिवस जागते आहे. खुर्ची सोडत नाही. झोपलेच नाही तर चोर येणार कसा? दांडी वर आहे. हवा झोंबते आहे. स्वेटरवर शाल घेतली. उठताना आज खुर्चीचा हात धरावा लागला, ह्यांनी पाहू नये म्हणून पाठ केली.

प्रेमिला जेवणाचं ताट ठेवून गेली. सोबत शेकायची रबरी पिशवी, गरम पाणी भरून. मी पिशवी घेतली नाही. ती गेल्यावर घेतली.


२२ मे

अशी किती दिवस जागणार? आणि जागून चोर दूर राहील, सापडणार नाही. मला तो सापडायला हवा. प्रेमिला असेल तर तिच्या तोंडावर सांगायला हवा. नसेल तर — नसेल तर मी तिच्याशी जे वागले त्याचं काय करायचं ते पाहता येईल.

उद्या दुपारी चटईवर झोपायचं सोंग. तोंड पलंगाकडे, डोळे किलकिले. दार उघडंच ठेवणार, यायचं त्याला येऊ दे.


२३ मे

दारातून कोणी आलं नाही.

मी घोरायला लागले तसे हे हलले. डाव्या हातानं काठी उचलली आणि उजव्या हातात दिली. उजव्या! बोटं एकेक करून मिटली तिच्यावर. हात कापत होता, खांदा कापत होता, कपाळावर घाम — आणि तो हात वर गेला. काठीचं टोक दांडीला लागलं. निसटलं. पुन्हा लावलं. जी दांडी मी उभी राहून आवळून घेतली, मला दोन हातांनी हलली नाही, ती ह्यांनी त्या मेलेल्या हातानं रेटून रेटून खाली पाडली. कितीतरी वेळ लागला. मी घोरतच राहिले.

मग मी उठून बसले. म्हटलं, मरायचं आहे का तुम्हाला? डॉक्टर काय म्हणाले ऐकलं नाही? काहून केलं असं?

हे चोरासारखे पाहत राहिले. ओठ वाकडे झाले, मिटले, पुन्हा उघडले. सहा महिन्यांत जे दोन शब्द एकापुढे एक आले नव्हते, ते आले.

"तुह्ये... गुडघे."